नळीत सोडलेली माया

नलिनीच्या भावाचा, वसंताचा फोन आला तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते आणि मी चहाचं आधण ठेवलं होतं. "शकूताई, ताई गेली," तो म्हणाला. सकाळी नायगावच्या तिच्या दवाखान्यात तिनं एक ऑपरेशन केलं, घरी आली, कोलंबीचं कालवण आणि भात जेवली, जरा पडते म्हणाली आणि... उठलीच नाही. मी गॅस बंद केला. पन्नास वर्षांच्या सोबतीची मैत्रीण गेल्यावर माणसाला रडू यावं, निदान हातपाय तरी गळावेत. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की हिला मरणसुद्धा कसं छान जमलं. सदुसष्टाव्या वर्षी, हात चालू असताना, पोटभर जेवून. मला तर गुडघ्यांमुळे ऑपरेशनला उभं राहणं सोडून तीन वर्षं झाली. गेल्या दीड महिन्यात डॉ. नलिनीबद्दल पुष्कळांनी पुष्कळ चांगलं लिहिलं. मी ते सगळं वाचलं आणि त्यात खोटं काही नाही. पण तिचा मनापासून हेवा करणारी, तिच्या हाताकडे, तिच्या पेशंटकडे, तिच्या नव्या पाटीकडेसुद्धा डोळ्यांत तेल घालून बघणारी मी एकटीच होते. त्यामुळे ती मला जरा जास्त माहीत आहे, असं मी समजते.

आम्ही दोघी मुंबईला मेडिकलला एका वर्गात, एका खोलीत. ती आगाशीची, शिंप्याची मुलगी. वडिलांचं दुकान बाजारात, आणि शाळा सुटल्यावर हातशिलाई करणं, काजं करणं, बटणं लावणं हे तिचं काम. मी रत्नागिरीकडची, मास्तरांची मुलगी, पाठांतरात हुशार. पहिली दोन वर्षं मी तिच्या पुढं होते आणि मैत्री अगदी सुखाची होती. तिसऱ्या वर्षी आम्हाला टाके घालायला शिकवायला लागले. सगळी मुलं सुई धरताना घामाघूम, आणि ही शांतपणे, बोलत बोलत, एकसारखे टाके घालत गेली. सरांनी सगळ्यांना तिच्या टेबलाभोवती बोलावलं आणि म्हणाले, "बघा. हात असा असतो." मीही बघितलं. त्या दिवशी खोलीवर आल्यावर तिनं माझ्या परकराची उसवलेली शिलाई न सांगता दुरुस्त करून दिली, आणि मी तिला थँक्यूसुद्धा म्हटलं नाही. हेवा कधी सुरू झाला असं कोणी विचारलं तर मला तो परकर आठवतो.

पुढं आम्ही दोघी स्त्रीरोगतज्ज्ञ झालो. माझं लग्न वसईत झालं. आमचे हे भूलतज्ज्ञ. मला कधी भूल दिली नाही हा भाग वेगळा. सासरच्या वाडीतली केळीची एक बाजू मोडून आम्ही पापडीला नर्सिंग होम काढलं आणि ते चांगलं चाललं. नलिनीनं लग्न केलं नाही. तिनं सरकारी नोकरी धरली आणि वीस-बावीस वर्षं कामणच्या बाजूच्या गावांतून बाळंतपणं आणि कुटुंबनियोजनाची ऑपरेशनं करत राहिली. माझ्याकडे गाडी होती, एसी होता, दारावर पितळी पाटी होती. तिच्याकडे एक जीप, तीही कधी चालू कधी बंद. त्या काळात मी तिच्याशी फार प्रेमानं वागायचे. आपण वर असलो की प्रेम करणं सोपं जातं, हे मला तेव्हा कळायचं कारण नव्हतं.

एकदा तिच्या शिबिरात डॉक्टर कमी पडले म्हणून मी मदतीला गेले होते. शाळेचे वर्ग रिकामे करून टेबलं मांडलेली. आम्ही दोघी शेजारशेजारच्या टेबलांवर. बाईचं मूल होणं थांबवायचं म्हणजे गर्भाशयाच्या दोन बाजूंना ज्या दोन नळ्या असतात त्या बांधून कापायच्या. ती मधल्या भागातला अगदी पेरभर तुकडा काढायची, उरलेली नळी हळूच जागेवर ठेवायची. मी सढळ हातानं कापायचे. माझ्या टेबलाकडे बघून ती म्हणाली, "शके, केवढं कापतेस?"

"पक्कं व्हायला नको?"

"पक्कं होतंच गं. पण माया सोड की थोडी."

शिंपी कापड बेततो तेव्हा शिलाईच्या आत दोन बोटं जास्तीचं कापड ठेवतो, त्याला माया म्हणतात. मूल वाढलं, बाई अंगानं भरली की शिलाई उसवून कपडा सैल करता येतो. मी हसले. म्हटलं, "नलू, आपण ब्लाउज शिवत नाही आहोत." ती म्हणाली, "तेच तर. ब्लाउज नवा शिवता येतो. उद्या हिच्यावर काही वेळ आली, तर जोडायला काय उरेल?" तिच्या हाताखालच्या सिस्टर हसल्या, मीही पुन्हा हसले, आणि दुपारी जेवताना ते विसरूनही गेले.

त्यानंतर वर्षभरात माझ्याकडे ऑपरेशन झालेली एक बाई पुन्हा गरोदर राहिली. असं क्वचित होतं, कोणाच्याही हातून होतं. पण तिचा नवरा चार माणसं घेऊन नर्सिंग होमच्या दारात आला आणि ऐन ओपीडीच्या वेळी, पेशंटच्या देखत, मला नाही नाही ते बोलला. नलिनीच्या हातून असं झालं असतं तर सरकारी दवाखान्याचं नाव गेलं असतं. माझ्या दारावर माझं नाव होतं. तेव्हापासून मी पद्धत बदलली. नळीच्या बाहेरच्या टोकाला बारीक झालर असते, तिनंच अंडं टिपून आत घेतलं जातं. मी झालरीसकट टोक काढायला लागले. झालर गेली की विषय संपला. पुन्हा कधी कोणी माझ्या दारात ओरडायला आलं नाही, आणि 'पापडीच्या बाईंचं ऑपरेशन म्हणजे पक्कं' अशी ख्याती झाली. मला त्या ख्यातीचा अभिमान होता, तो मी लपवत नाही.

बावन्नाव्या वर्षी नलिनीनं नोकरी सोडली. मला वाटलं दमली असेल, आता आगाशीला राहून भाच्यांना शिकवेल. तर ती एक दिवस घरी आली आणि म्हणाली, "शकू, मी नळ्या जोडायला शिकतेय." इतकी वर्षं बंद केलेलं आता उघडायचं होतं तिला. दक्षिणेतल्या एका मोठ्या इस्पितळात सहा महिने राहून, तिचा मुलगा शोभेल अशा वयाच्या डॉक्टरांच्या हाताखाली ती सूक्ष्मदर्शकाखालची शस्त्रक्रिया शिकून आली. मग सराव. डोळ्यांच्या एका डॉक्टरांनी बदललेला जुना मायक्रोस्कोप तिनं मिळवला, आगाशीच्या घरात खिडकीशी मांडला आणि रोज सकाळी कोंबडीच्या तंगडीतली रक्तवाहिनी सोडवून, कापून, केसाहून बारीक धाग्यानं पुन्हा जोडायला बसायची. जोडून झालं की तीच तंगडी रश्शात. वसंता सांगायचा, "ताईच्या करियरपायी आम्ही सहा महिने रोज कोंबडी खातोय, शनिवारीसुद्धा." मी सगळीकडे हे विनोदानं सांगत फिरायचे. "आमची नळीवाली नलू" हे नाव मीच पाडलं. पन्नाशी उलटल्यावर माणसाला वेड लागतं, एकेकाला एकेक प्रकारचं, असंही म्हणायचे. आणि घरी येऊन आरशात स्वतःचे हात बघायचे. मी त्याच वर्षी विमा, व्याही आणि वजन यांशिवाय दुसऱ्या कशाचा विचार करत नव्हते.

नायगावला खाडीकडच्या एका नव्या टॉवरच्या तळमजल्यावर तिनं तीन खोल्या घेतल्या. पाटीवर पदव्या लहान अक्षरांत, आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'बंद केलेल्या गर्भनलिका इथे पुन्हा जोडल्या जातात.' भूल द्यायला तिनं आमच्या ह्यांनाच बोलावलं. मी नाही कशी म्हणणार? पहिल्या ऑपरेशनहून हे घरी आले ते वेगळ्याच तंद्रीत. ताटावर बसले आणि म्हणाले, "काय हात आहे गं तिचा. ती टाका घालते तेव्हा आपण श्वास घ्यायचा विसरतो." मी म्हटलं, "भूल देणाऱ्यानं श्वासाकडे लक्ष द्यावं." हे हसले. पंचवीस वर्षं ह्यांनी माझ्या ऑपरेशनांना भूल दिली, शेकड्यांनी सिझेरियनं मी ह्यांच्यासमोर केली. त्यांतल्या एकाही ऑपरेशनहून येऊन हे माझ्या हाताबद्दल एक शब्द बोलले नव्हते. त्या दिवशी भाजीत मीठ जास्त पडलं होतं, ते ह्यांच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

मग बायका यायला लागल्या. कुणाचं मूल तापानं गेलेलं, कुणाचं खाडीत बुडालेलं, कुणाचं दुसरं लग्न झालेलं. सगळ्याच जुळायच्या असं नाही, पण ज्यांच्या जुळायच्या त्या वर्षा-दीड वर्षानं कडेवर बाळ घेऊन नायगावला यायच्या. माझ्याकडेही बाळं यायची, माझ्या हातांवर अर्धी वसई जन्माला आली आहे. पण माझ्या बाळांना आई होतीच, बाळ येणारच होतं, मी फक्त हात पुढं केला होता. तिच्याकडची बाळं मुळात येणारच नव्हती. हा फरक मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. बाजारात कोणी "तुमच्या मैत्रिणीनं कमाल केली हां" म्हटलं की मी "हो ना" म्हणायचे आणि पापलेटांचे कल्ले उगाच जास्त वेळ तपासायचे.

फिलोमिना माझ्याकडे आली ती या दिवसांत. नाव मी बदललं आहे, आणि तिची कहाणी तिला विचारून लिहिते आहे. पाचूबंदरची, मासे विकणारी, सगळे तिला फिलू म्हणायचे. तिची मोठी मुलगी आणि धाकटा मुलगा, दोघं माझ्याच नर्सिंग होममध्ये झाले. मुलाच्या वेळी सिझेरियन करावं लागलं, तेव्हाच तिनं ऑपरेशन करून घेतलं, फादरना न सांगता. तो मुलगा सात वर्षांचा होऊन तापानं गेला. सहा-सात महिन्यांनी ती माझ्यासमोर येऊन बसली. काळा झगा, हातांना मासळीचा वास तसाच. म्हणाली, "डॉक्टरीन बाय, तुमीच बंद केलं, आता तुमीच खोला."

मी म्हटलं, "फिलू, बंद म्हणजे बंद."

"कायच नाय होत?"

"नाही."

एक स्टेशन पलीकडे नलिनीची पाटी लागलेली होती. मी ती सांगितली नाही. मी झालर काढली होती, म्हणजे नलिनीकडे जाऊनही उपयोग नव्हता, हे खरंच आहे. पण मी न सांगण्याचं कारण ते नव्हतं. ते असतं तर मी तिला नीट समजावलं असतं, टेस्ट ट्यूबबद्दल सांगितलं असतं. मला तिला नायगावला पाठवायचं नव्हतं, एवढंच.

बाजारात कुणीतरी सांगितलं आणि ती आपली आपण गेली. एका संध्याकाळी नलिनीचा फोन आला. "शकू, तुझी एक पेशंट आलीय, पाचूबंदरची. सिझेरियनच्या वेळी तूच केलंस म्हणते. तुझं ऑपरेशनचं रजिस्टर बघून सांगतेस का, कुठून कापलंय, किती कापलंय?"

रजिस्टर माझ्या समोरच्या कपाटात होतं. मी म्हटलं, "अगं, रजिस्टरं सगळी पुराच्या पाण्यात भिजली. लगदा झाला."

"तुला आठवत असेल ना?"

"इतक्या बायका केल्या नलू, कोणकोण आठवणार?"

"बरं," ती म्हणाली, "उघडून बघते मग."

ऑपरेशन त्यानंतर चार दिवसांनी होतं. पोटात घालून बघायची दुर्बीण तेव्हा तिच्याकडे नव्हती. पोट उघडल्याशिवाय तिला काही कळणार नव्हतं. चार दिवस मी फोनच्या जवळून जात-येत होते. मी एक वाक्य बोलले असते तर फिलूचं पोट वाचलं असतं. लाज होती, भीती होती, ते सगळं होतं. पण त्याच्याही खाली मला असं वाटत होतं की एकदा, एकदा तरी नलिनीच्या हाताला यश येऊ नये. हे वाक्य लिहायला मला बारा वर्षं लागली आहेत.

ऑपरेशनच्या दिवशी हे दुपारी घरी आले, बूट काढले, आणि तसेच बाहेरच्या खोलीत बसून राहिले. मी पाणी दिलं. म्हणाले, "झालर नव्हती. दोन्ही बाजूंना नव्हती." मी विचारलं, "मग?" "मग काय. उघडलं आणि शिवलं." पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "रजिस्टर कुठलं भिजलं गं?" मी रिकामा पेला उचलून आत गेले. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही, पण त्यानंतर माझ्या टेबलावर भूल द्यायला येताना ते फारसं बोलायचे नाहीत. हळूहळू त्यांनी नर्सिंग होमचं काम कमी केलं आणि नायगावचं वाढवलं.

नलिनी मात्र तशीच राहिली. दिवाळीला फराळ घेऊन यायची, माझ्या सुनेचं बाळंतपण माझ्या हातून झालं तेव्हा नऊ तास बाहेर बाकावर बसली होती. फिलूचा विषय तिनं काढला नाही. तिनं भांडावं, दोन शब्द टाकून बोलावं, असं मला इतकं वाटायचं, की एकदा मीच विचारलं, "त्या पाचूबंदरच्या बाईला तू काय सांगितलंस?" ती केळी सोलत होती. म्हणाली, "सांगितलं काहीतरी. चल, चहा टाक." तिच्या या मोठेपणाचाही मला रागच आला. हात तर होताच, आता मनही तिचंच मोठं. मला काहीच राहू देणार नाही ही बाई, असं तेव्हा मनात आल्याचं आठवतं.

ती गेल्यावर वसंतानं मला किल्ली आणून दिली. "शकूताई, बायका येतात कागद मागायला, आम्हाला त्यातलं काय कळतंय? तुम्हीच बसा थोडे दिवस." म्हणून मी दर गुरुवारी नायगावला जाऊन बसायला लागले. मायक्रोस्कोपवर तिनं स्वतः शिवलेली खोळ, खुर्चीच्या पाठीला तिची शाल. त्या खुर्चीत बसायची माझी फार वर्षांची इच्छा होती, ती अशी पूर्ण झाली. मी फायली लावायला घेतल्या. प्रत्येक फाईलमध्ये तिनं पेन्सिलनं दोन्ही नळ्यांचं चित्र काढलेलं, कुठं कापलं होतं, कुठं जोडलं, किती लांबी उरली. फिलूची फाईल मी शोधली नाही असं म्हणणार नाही. चित्रात दोन्ही नळ्या बाहेरच्या टोकाला तुटलेल्या होत्या. वर एक रकाना होता, 'आधीची शस्त्रक्रिया कोणी केली'. बाकी सगळ्या फायलींत तिथं नाव होतं. इथं तिच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'माहीत नाही'.

त्यानंतरच्याच गुरुवारी फिलू आली. सत्तेचाळीस वर्षांची, पुढचे केस पांढरे. मला त्या खुर्चीत बघून दारातच थबकली. "तुमी हितं?"

"नलिनी माझी मैत्रीण होती," मी म्हटलं. "बस. कागद हवाय का?"

ती बसली. तिच्या मुलीचं, कामणला गोडाऊनच्या ऑफिसात नोकरी करणाऱ्या मुलीचं, लग्न जमत होतं. अर्नाळ्याचं स्थळ. सगळं पसंत पडलं होतं, पण मुलाच्या आईच्या कानावर काहीतरी गेलं होतं. "हितल्या बाईंनी तवा मला सांगितलेलं," फिलू म्हणाली, "फिलू, तुझ्या नळ्या जन्माच्याच आखूड, जोडायला पुरत नाय. मी घरी तसंच सांगितलं. मग सासू बोलायला लागली, हिच्यातच खोट, म्हनून पोरगा टिकला नाय. बाई म्हनालेल्या टेस्ट ट्यूब करून बग, तर नवरा म्हनाला, खोटीच्या बाईला कशाला ते. ते मी गिळलं. पन आता ती अर्नाळ्याची बाय म्हनते, आयशीच्या नळ्या जन्माच्या आखूड, तर पोरीच्या पन असतील." तिनं पिशवीतून मुलीचा फोटो काढून टेबलावर ठेवला. "मला कागद पायजे डॉक्टरीन बाय. पोरीचं सगळं नीट हाय असा."

सोपं होतं. मुलीला पापडीला बोलवायचं, तपासायचं, सगळं ठीक म्हणून लिहून द्यायचं. कुणाला काही कळलं नसतं. नलिनीचं खोटं तसंच राहिलं असतं आणि मीही तशीच राहिले असते. मी बोलायलाही लागले, "तिला घेऊन ये, मी..." पण समोर फाईल उघडी होती, आणि फिलू पदर सारखा करत माझ्याकडे इतक्या विश्वासानं बघत होती की माझ्यानं पुढचं बोलवेना.

"फिलू," मी म्हटलं, "तुझ्या नळ्या आखूड नव्हत्या. चांगल्या होत्या. मी जास्त कापल्या, टोकासकट. नलिनीनं ऑपरेशनच्या आधी मला विचारलं होतं. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं तुझं पोट उघडलंच नसतं."

ती ओरडली नाही. टेबलावरचा फोटो तिनं हातात घेतला. मग विचारलं, "किती होत्या?"

"काय?"

"नळ्या माझ्या. किती लांब होत्या?"

मी माझं मधलं बोट वर केलं आणि मुळापासून टोकापर्यंत दाखवलं. "एवढ्या. साधारण बोटभर. सगळ्यांच्या असतात तेवढ्या."

तिनं स्वतःचं बोट बघितलं. विळीनं, काट्यांनी चिरलेलं. "आनि बाई मग खोटं का बोलल्या?"

"माझं नाव जाऊ नये म्हणून."

मी नलिनीच्याच लेटरहेडवर लिहायला घेतलं, मग तो कागद बाजूला ठेवला आणि पर्समधून माझं काढलं. लिहिलं, की यांच्या गर्भनलिका जन्मतः पूर्ण लांबीच्या आणि निरोगी होत्या, त्यांचा बाहेरचा भाग कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेत मी काढून टाकला, त्यांच्या मुलीत यातून काही दोष येण्याचा प्रश्नच नाही. सही केली. फिलूनं वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं. 'मी काढून टाकला' हे तिनं दोनदा वाचायला लावलं. मग कागदाची घडी घालून, फोटोसकट पिशवीत ठेवून ती उठली आणि दारात जाऊन माझ्याकडे वळली.

"तुमच्या दोघींची मैत्री," ती म्हणाली, "आनि पोट माझं."

एवढं बोलून ती गेली. लग्न जमलं की नाही मला माहीत नाही. हा लेख लिहू का म्हणून विचारायला मी पाचूबंदरला गेले तेव्हा ती मासे साफ करत होती. मान वर न करता "लिवा" म्हणाली, आणि मुलीबद्दल विचारायचा मला धीर झाला नाही. तिचं ते वाक्य माझ्या एकटीसाठी नव्हतं. त्यातला अर्धा वाटा नलिनीचा होता आणि तो तिनं ऐकायला हवा होता, तिच्या खुर्चीत बसून, माझ्या शेजारी. ती त्याच्या आधी जेवून, आडवी होऊन निघून गेली. मला अजूनही तिचा हेवा वाटतो.